क्रेनिओफॅरिंजिओमा : परतणारी पुटी आणि किरणोपचार

मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या लगत वाढणारी सौम्य गाठ. गर्भावस्थेत ही ग्रंथी घडवणाऱ्या राठके कोष्ठाचे काही अवशेष मागे राहतात व त्यांतून ही गाठ उद्भवते, असे मानले जाते. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ याकोब एर्डहाइम यांनी १९०४ मध्ये तिचे तपशीलवार वर्णन केले. ती विरळा आहे. वर्षाला दहा लाख लोकांमागे साधारण ०.५ ते २ रुग्ण आढळतात, त्यांत ५ ते १४ वर्षांची मुले बरीच. मुलांमधील प्रकारात गाठीचा मोठा भाग पुटीचा असतो आणि तिच्यात इंजिन ऑइलसारखा काळपट, कोलेस्टेरॉलचे स्फटिक मिसळलेला द्रव साठतो.

सौम्य म्हणजे शरीरभर न पसरणारी, एवढाच अर्थ येथे घ्यावा. पुटीची भिंत दृष्टिचेता आणि हायपोथॅलॅमस यांना चिकटलेली असते. ती खरवडून काढण्याच्या हट्टापायी दृष्टी जाऊ शकते, भूक अनावर होऊन मूल लठ्ठ होते, संप्रेरकांच्या गोळ्या जन्मभर मागे लागतात. म्हणून अनेक शल्यविशारद धोक्याचा भाग तसाच सोडतात. मात्र अर्धवट काढून पुढे काहीच न केल्यास निम्म्याहून अधिक रुग्णांत गाठ परत वाढते. नुसता द्रव उपसला तर पुटी पुन्हा भरते, कारण द्रव पाझरवणारे अस्तर जागेवरच असते. किरणोपचाराचा रोख या अस्तराच्या पेशींवर असतो. त्यांची वाढ थांबली की द्रव कमी होत जातो, पण त्याला महिने लागतात.

नेहमीच्या पद्धतीत बाहेरून ५० ते ५४ ग्रे मात्रा दिली जाते, रोज १.८ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सुमारे सहा आठवडे. उपचार चालू असतानाच पुटी फुगू शकते. तसे झाले की आधी आखलेले किरणक्षेत्र चुकते, म्हणून अधूनमधून एमआरआय करावाच लागतो. पुटी फारच ताणली तर टाळूच्या त्वचेखाली बसवलेल्या ओमाया जलाशयातून द्रव काढतात. लहान, घट्ट आणि दृष्टिचेतेपासून काही मिलिमीटर दूर असलेल्या अवशेषासाठी गॅमा नाइफने एकाच बैठकीत मात्रा देता येते. हे यंत्र विकसित करणारे स्वीडनचे लार्स लेक्सेल यांनी त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, पुटीच्या पोकळीतच किरणोत्सारी फॉस्फरस सोडण्याचा मार्ग अवलंबला होता. फॉस्फरस-३२ किंवा इट्रियम-९० यांचे बीटा किरण काही मिलिमीटरच आत शिरतात. त्यामुळे भिंतीला सुमारे २०० ग्रे मिळूनही दूरचा मेंदू वाचतो. एकच पोकळी आणि पातळ भिंत असलेल्या पुटीलाच ही युक्ती लागू पडते. तिचा वापर आज मोजक्या केंद्रांतच होतो.

किरणोपचारानंतर बहुतेकांत गाठ अनेक वर्षे आटोक्यात राहते, पण किंमत मोजावी लागते. संप्रेरकांची कमतरता वाढते, मुलांच्या शिकण्यावर परिणाम होतो, क्वचित मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात किंवा वर्षांनी दुसरी गाठ उद्भवते. अगदी लहान मुलांत म्हणूनच उपचार शक्य तितका लांबवतात. प्रोटॉन किरणांनी भोवतालच्या मेंदूला कमी मात्रा पोहोचते. ही सोय नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियल केंद्राच्या अॅक्ट्रेक संस्थेत आहे. प्रौढांतील दुसऱ्या प्रकारात बीआरएएफ जनुकातील बदलावर नेम धरणाऱ्या औषधांनी गाठ लक्षणीय आक्रसते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत दिसले.

मेंदूतील पुटी परतली एवढ्यावरून मात्र किरणोपचार ठरत नाही. अॅरॅक्नॉइड आणि कोलॉइड पुटींमध्ये त्याला स्थान नाही. त्यांचा इलाज शस्त्रक्रिया, किंवा नुसते लक्ष ठेवणे. राठके पुटी वारंवार परतली तरच त्याचा क्वचित विचार होतो. भारतात वारंवार दिसणारी फीतकृमीची पुटी तर औषधांनी बरी करायची असते. त्यामुळे पहिल्या शस्त्रक्रियेचा विकृती-अहवाल आणि शक्य असल्यास काढलेल्या ऊतीचा मेणठोकळा रुग्णाने जपून ठेवावा. पुढचा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.