मॉरिशस : सन्मानाचे काम आणि कामगारांचे हक्क

‘सन्मानाचे काम’ ही संकल्पना आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९९ साली मांडली. रोजगार, कामाच्या ठिकाणचे हक्क, सामाजिक सुरक्षा आणि शासन, मालक व कामगार यांच्यातील संवाद हे तिचे चार आधारस्तंभ होत. १ मे २००० रोजी कामगारांच्या ज्युबिली सोहळ्यात पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिला जाहीर पाठिंबा दिला. मॉरिशस या लहानशा बेटराष्ट्रात या संकल्पनेमागे दीर्घ इतिहास आहे.

पूर्वपीठिका
१८३५ साली मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. तिची जागा करारबद्ध मजुरीने घेतली. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. बहुसंख्य भारतीय होते. कोकणातील मराठी माणसेही त्यांत होती. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८७१ साली आडोल्फ द प्लेविट्झ यांच्या साहाय्याने ९,४०१ मजुरांनी गव्हर्नरांकडे तक्रार-अर्ज केला. पुढे शाही चौकशी आयोग आला. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथे संपकरी मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात अंजले कुपेन ही गर्भवती स्त्री व तिचे सहकारी मृत्युमुखी पडले.

कायद्याची वाटचाल
१९६८ साली स्वतंत्र झालेला हा देश १९६९ साली श्रम संघटनेचा सदस्य झाला. घरकामगारांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला त्याने २०१२ साली मान्यता दिली. २०१८ पासून राष्ट्रीय किमान वेतन लागू झाले आणि २०१९ साली कामगार हक्क कायदा संमत झाला.

आजचा प्रश्न
कापड-कारखान्यांत व बांधकामांवर आज बांगलादेश, भारत, नेपाळ व मादागास्कर येथील कामगार राबतात. अनेकजण दलालाची रक्कम कर्ज काढून भागवतात. कामाचा परवाना विशिष्ट मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली की देशात राहण्याचा आधारही डळमळतो. म्हणून हक्क असूनही तक्रार करण्यास माणूस धजत नाही. करारबद्ध मजुराचे वंशज आज मतदार व नागरिक आहेत. परंतु बाहेरून येणाऱ्या कामगाराच्या वाट्याला ते परावलंबित्व काही अंशी अजूनही येते.

९ सप्टेंबर २०१९ रोजी, मुक्त गुलामांमध्ये सेवा केलेल्या धन्य जाक-देझिरे लावाल यांच्या स्मृतिदिनी, पोप फ्रान्सिस पोर्ट लुई येथे आले. आपल्या मुळांशी प्रामाणिक राहून, कामाच्या शोधात येणाऱ्या स्थलांतरितांचे स्वागत व रक्षण करावे, असे आवाहन त्यांनी राज्यकर्त्यांना केले. ज्या देशाचे पूर्वज स्वतःच मजूर म्हणून आले, त्याच्या न्यायबुद्धीची खरी कसोटी हीच होय.