ड्रॉपशिपिंग पुरवठादार

ड्रॉपशिपिंग पुरवठादार म्हणजे स्वतःजवळ माल न साठविणाऱ्या विक्रेत्याच्या वतीने ग्राहकाच्या पत्त्यावर थेट माल पाठविणारा उत्पादक किंवा घाऊक व्यापारी होय. या पद्धतीत विक्रेता वस्तूंची छायाचित्रे व किमती संकेतस्थळावर किंवा व्हॉट्सॲप गटात मांडतो, आलेली मागणी पुरवठादाराला कळवतो आणि दोन किमतींमधील फरक स्वतःकडे ठेवतो. गाळा व गोदाम लागत नसल्याने घरून व्यवसाय करणाऱ्यांमध्ये, विशेषतः गृहिणींमध्ये, ही पद्धत रुजली आहे. ‘भांडवलाशिवाय व्यवसाय’ हे तिचे जाहिरातीतील वर्णन मात्र अर्धेच खरे आहे. मालात पैसा अडकत नसला, तरी विक्रेत्याची पत अडकते. आणि घरगुती विक्रेत्याचे पहिले ग्राहक बहुधा नातलग व शेजारीच असतात.

स्वरूप

बाजार समितीतील आडत ही मराठी वाचकाला परिचित असलेली जवळची पद्धत होय. परंतु दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. आडत्याच्या ताब्यात माल असतो, मालकी नसते. येथे विक्रीचा व्यवहार विक्रेत्याच्या नावावर होतो, पण माल त्याच्या नजरेसही पडत नाही. अमेरिकेतील झॅपोस ही १९९९ मध्ये स्थापन झालेली पादत्राणे विकणारी कंपनी आरंभी याच पद्धतीने चालत असे. पुरवठादारांकडील साठ्याची माहिती व ग्राहकसेवा यांवर नियंत्रण राहत नसल्याने तिने पुढे ही पद्धत सोडली. भारतात २०१५ मध्ये बेंगळुरू येथे सुरू झालेल्या मीशोने व्हॉट्सॲपवरून पुनर्विक्री करणाऱ्या महिलांचे मोठे जाळे उभे केले.

पुरवठादाराचा शोध

साड्या व तयार कपड्यांसाठी सुरत, यंत्रमागाच्या कापडासाठी भिवंडी व इचलकरंजी, चादरी व टॉवेलसाठी सोलापूर, पैठणीसाठी येवला ही उगमस्थाने प्रसिद्ध आहेत. बचत गटांच्या वस्तूंसाठी महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शने उपयोगी पडतात, कारण तेथे माल हाताळता येतो आणि तो करणाऱ्या व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलता येते. आंतरजालावर पुरवठादार म्हणून मिरविणारे अनेक जण स्वतःच मध्यस्थ असतात. बिलावरील नाव एक, पैसे जमा करण्याचे खाते दुसऱ्याचे आणि पार्सलवरील पत्ता तिसराच, अशी स्थिती हे त्याचे ठळक लक्षण होय. ‘पुरवठादारांची यादी’ म्हणून पैसे घेऊन विकले जाणारे दस्तऐवज बहुधा निरुपयोगी असतात.

पडताळणी

वस्तू व सेवा कर क्रमांक १५ अक्षरांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४) व पुढील दहा अक्षरे पॅनची असतात. हा क्रमांक जीएसटी संकेतस्थळावर विनामूल्य तपासता येतो. नोंदणीचे नाव, दिनांक आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे तेथे कळते. नोंदणी खरी असणे म्हणजे माल चांगला असणे नव्हे. त्यासाठी नमुना मागविण्याला पर्याय नाही. विक्रेता अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारसारख्या गावात आणि माल सुरतेत असेल, तर नमुन्याचे पार्सल हीच त्याची एकमेव प्रत्यक्ष परीक्षा ठरते. नमुना पुरवठादाराला न कळविता, एखाद्या परिचिताच्या नावाने साध्या ग्राहकाप्रमाणे मागविणे अधिक उपयुक्त. निवडक नमुना पाठविण्याची संधी त्यामुळे राहत नाही. वेष्टन, लागलेले दिवस आणि परत पाठविताना मिळालेला प्रतिसाद यांचीही त्यात परीक्षा होते.

पैठणी व सोलापुरी चादर यांना भौगोलिक मानांकन आहे. अशा वस्तूंच्या बाबतीत पुरवठादार अधिकृत वापरकर्ता आहे का, हे विचारता येते. रेशमासाठी सिल्क मार्क, हातमागासाठी हँडलूम मार्क पाहतात. यंत्रमागावरील साडी हातमागाची म्हणून विकली गेल्यास ग्राहकाचा रोष छायाचित्र टाकणाऱ्यावर येतो, विणणाऱ्यावर नाही.

माल परत आल्यास दोन्ही वेळचा वाहतूक खर्च कोणी सोसायचा, हे आरंभीच लेखी ठरविणे आवश्यक असते. रोख घेऊन माल देण्याच्या व्यवहारात ग्राहकाने पार्सल नाकारले, तर नफ्याहून हा खर्च अधिक होऊ शकतो.

कायदेशीर जबाबदारी

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार, सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ई-बाजारपेठेवरील विक्रेत्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व तिचे निवारण एका महिन्यात करणे बंधनकारक आहे. वैयक्तिक स्वरूपात क्वचित केलेल्या विक्रीला हे नियम लागू नाहीत. नियमित व्यवसाय घरून चालत असला, तरी तो या सवलतीत बसत नाही. आवेष्टित वस्तूंवर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन किंवा संख्या आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते. खाद्यपदार्थांसाठी १४ अंकी अन्न सुरक्षा क्रमांक पाहावा. त्यांची विक्री करणाऱ्यालाही स्वतःची नोंदणी लागते.

महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्यास राज्यांतर्गत व्यवहारासाठी वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सामान्यतः आवश्यक नसते. राज्याबाहेरील ग्राहकाला माल विकल्यास मात्र ती लागते. ई-बाजारपेठेवरून राज्यांतर्गत विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून अटींसह सवलत मिळाली आहे.

ग्राहकांच्या तक्रारींसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आगाऊ रक्कम घेऊन पुरवठादार नाहीसा झाल्यास विक्रेत्याला १९३० या सायबर आर्थिक फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. तेथे पहिले काही तास महत्त्वाचे असतात, कारण रक्कम खात्यातून पुढे जाण्यापूर्वीच ती गोठविता येते.