चेंडूला विटाळ नव्हता

पुण्याच्या क्रिकेटचा इतिहास सांगताना जिमखान्यांची, महाविद्यालयांची आणि प्राध्यापक-खेळाडूंची नावे ठेवणीतल्या दागिन्यांसारखी बाहेर काढली जातात. याच शहरात साहेबांच्या खेळपट्टीवर रोलर ओढता ओढता जो गोलंदाज तयार झाला, त्या बाळू पालवणकरांचे नाव मात्र फार उशिरा घेतले जाऊ लागले. तेही २००२ साली रामचंद्र गुहा यांचा इंग्रजी ग्रंथ आल्यावर. सवर्ण समाजाने बाळूंना विसरावे हे त्याच्या रीतीला धरूनच झाले. आपल्या चळवळीनेही त्यांना बाजूला का ठेवले, हा प्रश्न अधिक अडचणीचा आहे आणि म्हणूनच तो विचारला पाहिजे.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला, चांभार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्याने मुले पुण्यात वाढली. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि धाकटा शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशांच्या मैदानावर मिळाली. काम झाडलोट करण्याचे, रोलर फिरवण्याचे. पगार महिना ३ रुपये. १८९२च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले आणि पगार ४ रुपये झाला. जाळ्या उभारायच्या, टेनिस कोर्टाच्या रेघा आखायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्याकडून गोलंदाजी करवून घेई. बाद केल्यास तो दर वेळी आठ आणे देई, असे सांगितले जाते. इतक्या वर्षांत बाळूंच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. फलंदाजी मालकाची आणि गोलंदाजी गड्याची, अशी ही वाटणी होती. वर्णव्यवस्था साहेबाच्या खेळातही किती सहज मुरली होती पाहा!

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी हा डावखुरा फिरकी गोलंदाज हवा होता. अस्पृश्याला संघात घ्यावे की नाही यावर क्लबात वाद झाला आणि शेवटी विकेटींचा मोह जिंकला. पण चहाच्या सुट्टीत बाकीचे खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा पीत, तेव्हा बाळूंना तो तंबूबाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवायला ताट वेगळे, टेबलही वेगळे. हातपाय धुवायचे तर मैदानाच्या कोपऱ्यात दुसरा अस्पृश्य नोकर पाणी घेऊन येई. आता चेंडूचा प्रवास बघा. तो बाळूंच्या घामेजल्या बोटांतून निघे, यष्टिरक्षकाच्या हाती जाई, तिथून ब्राह्मण क्षेत्ररक्षकांच्या हातांतून फिरत पुन्हा बाळूंकडे येई. दिवसभर शेकडो वेळा हा स्पर्श घडे आणि कोणाला स्नान करावेसे वाटत नसे. विटाळ कुठे मानायचा आणि कुठे विसरायचा, हे शास्त्रापेक्षा सोय ठरवत होती.

१८९६च्या प्लेगनंतर बाळू मुंबईला गेले. रेल्वेत नोकरी मिळाली, हिंदू जिमखान्याच्या संघात जागा मिळाली आणि पंक्तिभेदही हळूहळू सैल झाला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला आणि त्याचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले, असे नोंदवले गेले आहे.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. इथे एका दूरच्या माणसाची आठवण होते. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत तिथल्या आदिवासींना लोकसंख्येच्या गणतीतून वगळणारे कलम होते. ते १९६७च्या सार्वमताने गेले आणि अवघ्या नऊ महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, लायनेल रोझ हा १९ वर्षांचा आदिवासी मुष्टियोद्धा टोकियोत हाराडाला हरवून बँटमवेट जगज्जेता झाला. मुष्टियुद्धात कर्णधार नसतो. पट्टा ज्याने जिंकला त्याच्याच कमरेला बांधावा लागतो. क्रिकेटमध्ये अकरा जणांना हुकूम कोणी द्यायचा, हे समितीतले लोक ठरवतात. बाळूंची बोटे त्यांना चालत होती, बाळूंचा हुकूम चालत नव्हता. १९२० साली बाळूंना वगळून नेतृत्व पुण्याच्या देवधरांकडे गेले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी खेळण्यास नकार दिला. हा लढा वाया गेला नाही. त्याच स्पर्धेत बाळू उपकर्णधार म्हणून परतले आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. चवदार तळ्याच्या सात वर्षे आधीचा हा सत्याग्रह आपण कधी मोजलाच नाही.

न मोजण्याचे कारण पुढच्या राजकारणात आहे. १९३२च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे आणि संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने ते मनापासून उभे होते. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत त्यांनाच बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. काँग्रेसने अस्पृश्यांतल्या एका जातीचा मानकरी दुसऱ्या जातीच्या नेत्यापुढे टाकला, हे उघड आहे. तरीही बाळूंना नुसते प्यादे म्हणणे मला पटत नाही. सवर्णांची दारे आपल्या गुणाने उघडताना त्यांनी पाहिली होती. आधी मैदानाचे, मग पंगतीचे, शेवटी भावासाठी कर्णधारपदाचे. समजावून सांगितले तर हिंदू समाज बदलेल, हा निष्कर्ष त्यांच्या आयुष्यातूनच निघत होता. त्याला तीस वर्षे लागली आणि प्रत्येक पायरीला विकेटी मोजून द्याव्या लागल्या, ही त्याच आयुष्याची दुसरी बाजू. ज्याच्याकडे देण्यासारख्या विकेटी नाहीत त्या गावकुसाबाहेरच्या लाखो माणसांनी काय करायचे, याचे उत्तर बाबासाहेब शोधत होते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. विठ्ठलरावांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले होते. दलित आत्मकथनांची परंपरा शिकवताना आपले अध्यापक जी यादी सांगतात, तिच्यात ते सहसा नसते.