औषधाला पत्ता कसा कळतो?

बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये घालतात ते विरघळणारे टाके शिरूर-दौंडच्या कितीतरी जणींना ठाऊक आहेत. यातले बरेच टाके पॉलिमरचे, म्हणजे रेणूंच्या लांब साखळीचे असतात. साखळीतली एक कडी लॅक्टिक आम्लाची. दह्याला आंबटपणा येतो तो याच आम्लाने, आणि आपल्या उसाच्या साखरेपासूनही ते तयार करता येतं. अंगात ही साखळी हळूहळू तुटते आणि नाहीशी होते. मग तिच्या पोटात औषध भरलं तर?

औषधाने नेमकं रोगावरच जावं, ही कल्पना जर्मन डॉक्टर पॉल एर्लिश यांनी शंभर वर्षांहून आधी मांडली होती. १९७६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट लँगर आणि जुडा फोकमन यांनी पॉलिमरमधून मोठे रेणूही हळूहळू बाहेर सोडता येतात, हे दाखवलं. पुढे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढे कण बनू लागले. त्यांना नॅनोकण म्हणतात.

पण रक्तात सोडलेला कण सरळ पत्त्यावर पोचत नाही. फार बारीक असला तर मूत्रपिंडातून लघवीवाटे निघून जातो. मोठा असला तर यकृत आणि प्लीहा त्याला गाळणीसारखे अडवतात. म्हणून कणावर पाणी धरून ठेवणाऱ्या दुसऱ्या पॉलिमरचं वेष्टन चढवतात. त्यामुळे तो रक्तात जास्त वेळ फिरतो.

पॅक्लिटॅक्सेल हे स्तनाच्या कर्करोगावरचं औषध पाण्यात विरघळत नाही. ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात देत, आणि काहींना त्याची जोरदार ॲलर्जी येई. २००७ मध्ये भारतात डाबर फार्माने हेच औषध पॉलिमरच्या नॅनोकणांत घालून ‘नॅनोक्सेल’ नावाने आणलं. त्या द्रावकाची गरज उरली नाही.

तरी गाठीपर्यंत पोचतं किती? २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांचे प्रयोग एकत्र तपासले गेले. ते मुख्यतः उंदरांवरचे होते. टोचलेल्या शंभर भागांतला साधारण पाऊण भागच गाठीत पोचला होता. बाकीचा बराचसा यकृत-प्लीहेतच अडकतो.

म्हणून ‘हे औषध फक्त गाठीवरच जातं, बाकी कुठे त्रास नाही’ असं कोणी सांगितलं, तर लगेच हुरळून जाऊ नये. उपचार मध्येच सोडू नयेत, आणि त्रास झाला तर तो अंगावर काढू नये, डॉक्टरांना सांगावा. गटातली एखादी बाई उपचार घेत असेल, तर येत्या बैठकीत तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार, हे आपण ठरवूया.