दफ्तराबाहेरचे उटणे

अकबराच्या आमदानीत वऱ्हाडचा सुभा मोगलांच्या अमलाखाली आल्यावर अबुल फझलाने ‘आईन-इ-अकबरी’त त्या सुभ्याची जी हकीकत नमूद केली, तीत मेहकर सरकारातील लोणारच्या सरोवराचाही उल्लेख येतो, आणि त्या क्षेत्राचे माहात्म्य व सभोवारचे उंच डोंगर यांच्या वर्णनाबरोबरच, काच आणि साबण करण्यास लागणारे द्रव्य येथे सापडते, शोराही निघतो व त्यापासून बराच महसूल जमा होतो, असेही तो व्यवहारदक्ष ग्रंथकार टिपून ठेवतो. ज्या मेहकर तालुक्यात आज हिवरा आश्रम वसलेले आहे, त्या मुलखातील साबणाच्या द्रव्याची ही नोंद चारशे वर्षांपूर्वीची आहे. परंतु त्याच काळी, त्याच परगण्यांतील घराघरांतून, उखळात आणि खलबत्त्यात कुटले जाणारे उटणे मात्र कोणत्याही जमाबंदीत दाखल झालेले नाही. हळद, कचोरा, नागरमोथा ही द्रव्ये पेठेत येताना जकातीला पात्र असत. पण एकदा ती पंसाऱ्याच्या पुडीतून घरात आली आणि गृहिणीच्या हातून त्यांचे चूर्ण झाले, की सरकारचा आणि त्यांचा संबंध तुटला. म्हणून आपल्याकडील त्वचेच्या निगेचा इतिहास शोधू पाहणाऱ्याने दफ्तरावर विसंबता कामा नये, असे माझे मत आहे; त्याचे साक्षीदार निराळे आहेत.

पहिला साक्षीदार चरक. औषधी द्रव्यांचे पन्नास वर्ग पाडून प्रत्येक वर्गात दहा द्रव्ये सांगणाऱ्या या आचार्याने कांती सुधारणाऱ्या वर्गात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा व अनंतमूळ घातले. त्वचारोग हरण करणाऱ्यांत हळद, आवळा, खैर आणि बहावा. तर कंडू शमविणाऱ्यांत निंब, करंज, मोहरी, दारुहळद व नागरमोथा. विशेष असे की, चंदन आणि ज्येष्ठमध कांतीच्या वर्गातही आहेत आणि कंडूच्या वर्गातही. सौंदर्य आणि आरोग्य यांच्यामध्ये आज जी भिंत आपण पाहतो ती त्या काळी घातलेली नव्हती, याचा याहून स्पष्ट पुरावा मला दुसरा आठवत नाही. पुढे शार्ङ्गधराने मुखलेपाचे तीन प्रकार सांगताना लेपाच्या थराची जाडी बोटाच्या चौथ्या, तिसऱ्या आणि अर्ध्या भागाइतकी ठरवून दिली आणि वाळलेला लेप अंगावर ठेवू नये असेही बजावले. इतकी बारीक मापे केवळ शृंगाराच्या हौसेतून निघत नाहीत.

दुसरा साक्षीदार राजवाड्यातला. कल्याणीच्या चालुक्य वंशातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या उपभोगांचे वर्णन करताना स्नान आणि विलेपन यांना स्वतंत्र प्रकरणे दिली असून सुवासिक तेलाचे मर्दन आणि त्यानंतरचे उद्वर्तन सविस्तर सांगितले आहे. आणि तिसरा साक्षीदार आपल्या अगदी जवळचा: तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’. चक्रधरस्वामींच्या भ्रमणात मेहकर आणि लोणार ही दोन्ही गावे येतात, आणि शिष्या बाइसा त्यांची जी सेवा करीत, तीत मर्दन आणि स्नान यांचा उल्लेख वारंवार आढळतो. राजाच्या स्नानगृहातील विधी आणि एका संन्यस्त पुरुषाची नित्याची शुश्रूषा यांत वैभवाचे अंतर प्रचंड असले, तरी अंगाला आधी तेल आणि मग पाणी, हा क्रम मात्र एकच.

हा क्रम दिवाळीच्या पहाटे अजूनही पाहावयास मिळतो. गव्हला, कचोरा, कपूरकाचरी, वाळा, नागरमोथ्याच्या गाठी, आंबेहळद आणि नागपुरी संत्र्याची वाळलेली साल ही सर्व द्रव्ये सावलीत खडखडीत वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून मसुरीच्या पिठात मिसळावयाची. नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी अंगाला कोमट तिळेल जिरवावयाचे. आणि मग दुधात कालवलेले उटणे तळहाताने असे चोळावयाचे की, मळासह त्याच्या बारीक वळ्या होऊन खाली गळाव्यात. यात मोठे शास्त्र आहे. तेलाने मळ सुटतो, पिठाने तो उचलला जातो, आणि त्वचेला आवश्यक तेवढी स्निग्धता मागे उरते. साबणात हीच स्निग्धता क्षाराशी संयोग पावून वाहून जाते. आणि लोणारचा क्षार तर इतका तीव्र की सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, उलट आपल्या त्वचेचा स्वभाव किंचित आम्लधर्मी. लोणारच्या पापडखाराने धोतराचा मळ निघेल; बाळंतिणीच्या तान्ह्या मुलाच्या अंगाला आजीने डाळीच्या पिठाची गोळीच लावली, यात तिचे शहाणपण होते.

तथापि, जे जे वनस्पतीजन्य ते ते सौम्य, असा जो समज हल्ली पसरविला जातो, तो मला घातक वाटतो. कोडावर बावचीचा लेप लावून रुग्णाला उन्हात बसविण्याची वैद्यांची परंपरा जुनी आहे. बावचीतील सोरालेन हे द्रव्य त्वचेला प्रकाशसंवेदी करते हे आधुनिक वैद्यकानेही ओळखले आणि अतिनील किरणांबरोबर त्याचा उपचार रूढ केला. पण मात्रा चुकली तर त्याच उन्हाने अंगावर फोड उठतात. बिब्ब्याचा दाह तर वऱ्हाडात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

हिवरा आश्रम या गावाची आज ओळख आहे ती शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तेथे बसणारी महापंगत सर्वांना ठाऊक आहे. परंतु महाराजांनी रुग्णसेवेलाच धर्मकार्य मानले, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. या पंचक्रोशीत उपचार हा आजही निव्वळ सौदा मानला जात नाही. लग्नघरी सुवासिनी मुसळाला आंब्याची पाने बांधून हळकुंडे कुटतात आणि नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे जाते, तेव्हा त्या हळदीत औषध किती, शृंगार किती आणि संस्कार किती, याचा हिशेब कोणी मागत नाही.

हा हिशेब मागितला गेला तो आधुनिक सरकारी कचेऱ्यांत. केशव विष्णू पेंढरकर यांनी 1952 साली स्थापन केलेल्या विको कंपनीने हळदीचे मलम बाजारात आणले, तेव्हा हे औषध की प्रसाधन, हा प्रश्न अबकारी खात्याने उपस्थित केला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी ते औषध ठरले. चरकाच्या वर्गवारीशी परिचय असलेल्या कोणालाही या प्रश्नाचेच नवल वाटले असते. त्याहून गंभीर प्रसंग 1995 सालचा. जखम भरून आणण्यासाठी हळदीचा उपयोग हा नवा शोध आहे, असे मानून अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला त्याचे स्वामित्व बहाल केले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्यास हरकत घेतली. परंतु घरोघरच्या आज्यांची साक्ष तेथे चालणार नव्हती. लेखी पुरावाच हवा होता. म्हणून संस्कृत ग्रंथांतील उतारे आणि 1953 साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक निबंध यांसह 32 संदर्भ दाखल करण्यात आले, आणि 1997 च्या ऑगस्टमध्ये ते पेटंट रद्द झाले. अशा प्रकारची हरकत पुन्हा नव्याने जुळवीत बसावे लागू नये म्हणून पुढे 2001 पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यास आरंभ झाला, आणि आयुर्वेदीय ग्रंथांतील योग परदेशी भाषांत उतरवून तेथील परीक्षकांना पाहण्यास खुले करण्यात आले. त्या संग्रहात ग्रंथोक्त लेप आणि चूर्णे नोंदली गेली आहेत. मेहकर परगण्यातल्या बायकांनी आपापल्या अंदाजाने कमीजास्त केलेली मापे अजून त्यांच्या हातातच आहेत; ती विचारून लिहून घेण्याचे काम तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांनी हाती घेतल्यास, त्या म्हाताऱ्या बायका हयात आहेत तोवर ते होण्यासारखे आहे.