ग्रीनवुडची पेठ

वाचकहो, पेठ म्हणजे नुसती दुकानांची रांग नव्हे. एकाचा पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात जातो आणि चार घरे उभी राहतात, हे तिचे खरे काम. अमेरिकेतील टल्सा शहरात ते कसे घडले, पाहू.

१९०६ च्या सुमारास ओ. डब्ल्यू. गर्ली यांनी तेथे जमीन घेऊन कृष्णवर्णीयांना विकली. गोऱ्यांच्या पेठेत मज्जाव होता. म्हणून गोऱ्यांच्या घरी मिळवलेली मजुरी ग्रीनवुडमध्येच खर्च होऊ लागली. दवाखाने, नाटकगृह, वर्तमानपत्रे निघाली. १९१८ साली स्ट्रॅडफर्ड यांनी ५४ खोल्यांचे हॉटेल बांधले.

३१ मे व १ जून १९२१. गोऱ्या जमावाने हजाराहून अधिक घरे जाळली, माणसे मारली. विमा कंपन्यांनी 'दंगल' या शब्दावर बोट ठेवून हात वर केले. शहराने वर नियम काढला : बांधाल तर आगीत न जळणाऱ्या सामानानेच बांधा! गरिबाने ते आणायचे कोठून? वकील बी. सी. फ्रँकलिन यांनी तंबूत कचेरी थाटली आणि कोर्टाकडून तो नियम रद्द करवला. १९४२ पर्यंत दोनशेहून अधिक धंदे पुन्हा चालू झाले.

पण आगीला जे जमले नाही, ते पुढे नकाशाने केले. नगरसुधारणा आणि महामार्ग पेठेच्या छातीवरून गेले. २०२४ साली हयात पीडितांचा दावाही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला.

पैसा कष्टाने जमतो, हे खरे. तो टिकायला मात्र कायद्याचे छत्र लागते, आणि नकाशा आखणाऱ्यांत आपला माणूस लागतो.