चालत्या घरातला खडखडाट

१८४७ साल. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये एक बग्गी धावत होती. घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या, चाकांचा खडखडाट मात्र जवळजवळ नव्हताच.

त्या चाकांचा रस्त्याशी लोखंडी धावेने संबंध येत नव्हता. रबर चढवलेल्या कापडाची, हवा भरलेली नळी आणि तिच्यावर कातड्याचे जाड आवरण, अशी ती रचना होती. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १० डिसेंबर १८४५ रोजी तिचे पेटंट घेतले, तेव्हा ते २३ वर्षांचे होते. पेटंटातील उद्दिष्टे तीन: गाडी ओढण्याचे कष्ट घटवणे, प्रवास सुखाचा करणे आणि आवाज कमी करणे. हे तिसरे उद्दिष्ट टायरच्या इतिहासात सहसा विसरले जाते.

लोखंडी धाव दगडावर आदळली की हादरा आऱ्यांतून आसात, आसातून कमानींत आणि तेथून गाडीच्या फळ्यांत शिरतो. मग फळ्याच पखवाजाच्या पुडीसारख्या वाजू लागतात. आत कितीही गाद्या-पडदे लावा, आवाज आलेलाच असतो. थॉमसन यांनी तो उगमापाशीच अडवला. त्यांच्या चाकांचा एक संच सुमारे १,२०० मैल चालला, म्हणजे टिकाऊपणाचाही प्रश्न नव्हता. पण चाके महाग होती आणि हवेचा टायर ज्या वाहनाला सर्वांत हवासा वाटला असता, ती सायकल अजून घडायची होती. शोध विस्मरणात गेला.

त्याची किंमत पुढच्या पिढीच्या प्रवाशांनी मोजली. १८८५ मध्ये निवृत्त नौदल शल्यचिकित्सक डॉ. गॉर्डन स्टेबल्स 'वाँडरर' या फिरत्या घरातून इंग्लंड-स्कॉटलंडच्या सफरीला निघाले. केवळ हौसेखातर बांधलेले, दोन घोड्यांनी ओढलेले, सुमारे दोन टनांचे हे घर आजच्या मोटरहोमचे पूर्वज मानले जाते. आतला थाट उंची लाकडाचा. चाकांवर मात्र धाव लोखंडाचीच! तीनच वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर नव्याने शोधला. थॉमसन यांचा जुना दस्तऐवज उजेडात येताच डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले. थॉमसन १८७३ मध्येच वारले होते.

चाक शांत झाले, पण वेग वाढला आणि वाऱ्याचा आवाज जाणवू लागला. घोड्याच्या चालीला तो प्रश्नच नव्हता. १९५५ मध्ये एन. कर्ल यांनी गणिताने दाखवले, की प्रवाहात असलेल्या घन वस्तूमुळे उमटणाऱ्या ध्वनीची शक्ती साधारणतः वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेले की ती जवळजवळ चौपट होते. खोक्याच्या आकाराच्या घराला हे फार महागात पडते.

१९७३ ची जीएमसी मोटरहोम या दृष्टीने विलक्षण होती. ठेंगणी, गोलसर कडांची. पुढची चाके ओढणारी, त्यामुळे जमिनीखाली फिरणारा लांब दांडा नाही. मागच्या चाकांना हवेच्या पिशव्यांचा आधार आणि भिंतींच्या आत फवारलेला फोम. चाक, सांगाडा आणि वारा यांचा विचार येथे एकत्र झाला होता. इंजिन मात्र चालकाच्या पायाशीच गुरगुरत असे. शिवाय हौशी मालक छतावर वातानुकूलन यंत्र आणि सामानाचा सांगाडा चढवीत, आणि गोलसर केलेल्या गाडीवर वाऱ्याला पुन्हा आपटायला कडा मिळत.